बल गती देत नाही, गती बदलतं

व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी पृथ्वीवरून निघालं. आज ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने सूर्यापासून दूर जातंय. त्याला मागून कोण ढकलतंय? ज्या रॉकेटने त्याला वर नेलं, ते पहिल्याच दिवशी गळून पडलं. वाटेत गुरू आणि शनी यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याचा वेग आणि दिशा बदलली, पण तेही १९७९ आणि १९८० साली. यानावर थ्रस्टर, म्हणजे वायूचा झोत सोडणारी लहान इंजिनं, आहेत. त्यांचं मुख्य काम यानाची अँटेना पृथ्वीकडे रोखून ठेवणं. म्हणजे आज त्याला पुढे ढकलणारं काहीही नाही. सूर्य तर त्याला अजूनही किंचित मागे ओढतोय. तरीही यान चाललंय.

हे ऐकून मन अडखळतं, कारण रोजचा अनुभव वेगळं सांगतो. खुर्ची ढकलली की सरकते, ढकलणं थांबवलं की थांबते. सायकलचं पायडल मारणं सोडलं की ती हळूहळू मंदावते. त्यामुळे गती हवी असेल तर सतत जोर लावायला हवा, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं. ॲरिस्टॉटललाही असंच वाटत होतं, आणि त्याचं म्हणणं जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलं. अधूनमधून शंका घेणारे होते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदाँने विचारलं की फेकलेला दगड हातातून सुटल्यावरही पुढे कसा जातो, त्याला तिथे कोण ढकलतं? प्रश्न अगदी नेमका होता, पण पूर्ण उत्तर यायला सतरावं शतक उजाडावं लागलं.

ते उत्तर गॅलिलिओने ज्या रीतीने शोधलं, ती रीत मला आजही विलक्षण वाटते. एका उतारावरून गोळी सोडा आणि समोर चढ ठेवा. गोळी खाली येते आणि समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत वर जाते. आता समोरचा चढ कमी तिरका करा. तीच उंची गाठण्यासाठी गोळीला जास्त लांब जावं लागतं, आणि ती जाते. चढ आणखी झोपवा, गोळी आणखी लांब जाईल. मग चढ पूर्णपणे आडवा केला तर? गोळीला गाठायची उंची कधीच भेटणार नाही. तिला थांबण्याचं काही कारणच उरत नाही. मार्ग पूर्ण गुळगुळीत असेल, हवा आडवी येत नसेल, तर ती तशीच जात राहील. असा मार्ग कोणाकडेच नव्हता, आजही नाही. पण गुळगुळीतपणा वाढवत नेला की काय होतं हे पाहून शेवटच्या टोकाला काय होईल, हे त्याने विचाराने गाठलं.

म्हणजे खुर्ची थांबते ती आपण जोर काढून घेतल्यामुळे नव्हे. फरशी तिच्यावर उलट दिशेने जोर लावत असते म्हणून ती थांबते. हे घर्षण. आपण ढकलत असतो तेव्हाही ते असतंच. आपला जोर त्याला पुरा पडत असतो एवढंच. समजा खुर्ची एकाच वेगाने सरकते आहे. तर आपला जोर आणि घर्षण हे अगदी समसमान आहेत, आणि खुर्चीवरचं एकूण बल शून्य आहे. इथे बहुतेकांची गफलत होते. सरकणाऱ्या खुर्चीवर एकूण बल शून्य कसं, ढकलणारा थोडा तरी वरचढ असायला हवा ना? नाही. वरचढ असता तर खुर्चीचा वेग वाढत गेला असता. स्थिर उभं असणं आणि सरळ रेषेत एकसारख्या वेगाने जात राहणं, या दोन अवस्था भौतिकशास्त्राला सारख्याच आहेत. दोन्हींसाठी बल लागत नाही.

विमानात बसून पेल्यात पाणी ओतताना हे अनुभवता येतं. विमान ताशी ९०० किलोमीटरने जात असलं तरी पाणी सरळ पेल्यात पडतं, जणू विमान जमिनीवर उभं आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जाणवतो तो फक्त बदल: विमान धावपट्टीवर वेग घेतं तेव्हाचा, ब्रेक लागतो तेव्हाचा, वळण घेतानाचा.

वळणाचा उल्लेख मुद्दाम केला. रोजच्या बोलण्यात वेग म्हणजे किती जोरात एवढंच, पण इथे वेगात दिशाही धरलेली असते. किती जोरात एवढंच सांगायचं असेल तर त्याला चाल म्हणतात. त्यामुळे ताशी ४० किलोमीटर ही चाल कायम ठेवून गाडी वळली, तरी तिचा वेग बदलला. वेग बदलण्याच्या दराला त्वरण म्हणतात. वेग वाढणं, कमी होणं आणि दिशा बदलणं ही तिन्ही त्वरणाचीच रूपं, आणि तिन्हींसाठी बल हवं.

यातून चंद्राचं कोडं सुटतं. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो म्हणजे त्याची दिशा क्षणोक्षणी बदलते, म्हणजे त्याच्यावर बल आहे. पण ते बल त्याला पुढे ढकलत नाही. पुढे तो आपणहून जातोच आहे, व्हॉयेजरसारखा. बल आहे ते आडवं, पृथ्वीच्या दिशेने. ते नसतं तर चंद्र सरळ रेषेत निघून गेला असता. त्या सरळ रेषेपासून तो दर सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. या दोन आकड्यांचं गुणोत्तर सुमारे ३६०० येतं. पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्र हा पृष्ठभागापेक्षा ६० पट दूर आहे, आणि ६० चा वर्ग ३६००. दगडाला खाली ओढणारं आणि चंद्राला वळवणारं बल एकच आहे, ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं, हे न्यूटनने अशा साध्या तुलनेतून तपासलं. चंद्र पडतोच आहे. पुढे जाण्याच्या वेगामुळे तो पडता पडता पृथ्वीला चुकवत राहतो.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचंही तसंच. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर वर गुरुत्वाकर्षण नाहीसं होतं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिथे ते जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. अंतराळवीर तरंगतात कारण स्थानक आणि ते, दोघंही एकत्र पडत असतात. पायाखालची जमीनच तुमच्याबरोबर पडत असेल, तर ती तुम्हाला वर दाबणार कशी?

मग तिथे अंतराळवीरांचं वजन कसं करतात? काटा तर शून्य दाखवणार. हा प्रश्न मला आवडतो, कारण वजन आणि वस्तुमान यांतला फरक त्यातून उघड होतो. वजन म्हणजे पृथ्वी आपल्याला किती जोराने ओढते ते. वस्तुमान म्हणजे आपला वेग बदलणं किती अवघड आहे ते, आणि हे पृथ्वीवर असो की अवकाशात, सारखंच राहतं. वेगातल्या बदलाला होणाऱ्या या विरोधाला जडत्व म्हणतात. स्थानकावर एक उपकरण ठरावीक बलाने अंतराळवीराला ओढतं आणि त्याला किती त्वरण मिळालं ते मोजतं. जितकं त्वरण कमी, तितकं वस्तुमान जास्त. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हा न्यूटनचा दुसरा नियम. तो तिथे अक्षरशः वजनकाट्याचं काम करतो. बल मोजायचं एककही यातूनच येतं: एक किलो वस्तुमानाचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद इतका वाढवणारं बल म्हणजे एक न्यूटन. शंभर ग्रॅमची वस्तू तळहातावर ठेवली की हाताला जवळपास एवढा दाब जाणवतो.

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर का पडत नाही, हेही इथेच कळतं. दुप्पट वस्तुमानाच्या वस्तूला पृथ्वी दुप्पट जोराने ओढते, पण तिचं जडत्वही दुप्पट असतं. त्वरण तेवढंच राहतं. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एक हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं. तिथे हवा नाही. दोन्ही बरोबरच जमिनीवर टेकले. पृथ्वीवर पीस मागे राहतं ते केवळ हवेमुळे.

आता संवेगाकडे, म्हणजे वस्तूत किती गती आहे याच्या मापाकडे, येतो. मला या साऱ्या विषयाचा गाभा इथे दिसतो. शाळेत तो बहुतेकदा एका सूत्रापुरता येतो आणि मागे पडतो, याची खंत वाटते.

दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या की काय होतं, याचा नियम शोधण्याची सतराव्या शतकात मोठी धडपड चालली होती. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ साली म्हटलं की जगातली एकूण गती कायम राहते, आणि ती मोजायची वस्तूचा आकार गुणिले चाल अशी. कल्पना मोठी होती. पण दिशा त्यात धरलेली नव्हती. समजा ओल्या मातीचे दोन सारखे गोळे सारख्याच चालीने समोरासमोर येऊन आदळले आणि चिकटून जागीच थांबले. देकार्तच्या हिशेबाने टकरीआधी दोघांची मिळून बरीच गती होती आणि नंतर शून्य झाली. मग ती गेली कुठे? डच शास्त्रज्ञ हायगेन्सने ही चूक दाखवली. उजवीकडची गती अधिक धरा, डावीकडची उणे. मग टकरीआधी बेरीज शून्य, नंतरही शून्य. हिशेब जुळला. १६६८-६९ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीच्या विनंतीवरून वॉलिस, रेन आणि हायगेन्स या तिघांनी टकरींचे नियम मांडले, आणि न्यूटनने १६८७ साली आपली मांडणी छापली तेव्हा हे काम त्याच्यासमोर होतं.

वस्तुमान गुणिले वेग, दिशेसकट, म्हणजे संवेग. न्यूटनने आपला दुसरा नियम मांडला तो मुळात त्वरणाच्या नव्हे तर संवेगाच्या भाषेत: बल लागलं की वस्तूचा संवेग बदलतो, बलाच्या दिशेने आणि बलाच्या प्रमाणात. बल किती आणि ते किती वेळ लागलं, यांच्या गुणाकारावरून संवेग किती बदलला ते ठरतं. संवेगात तोच बदल घडवायचा असेल तर दोन मार्ग आहेत. थोड्या वेळात प्रचंड बल, किंवा जास्त वेळात माफक बल.

यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, म्हणून आकडेच मांडतो. ६० किलो वस्तुमानाची व्यक्ती ताशी ५४ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत आहे. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. तिचा संवेग ६० गुणिले १५, म्हणजे ९०० किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. गाडी भिंतीवर आदळली तर हा संवेग शून्य व्हायलाच हवा. त्यात सूट नाही. प्रश्न फक्त किती वेळात, एवढाच आहे. पट्टा न लावलेली व्यक्ती जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे जात राहते, आणि थांबलेल्या गाडीचा समोरचा भाग तिला थांबवतो. हे सेकंदाच्या शंभराव्या भागात झालं तर सरासरी बल ९०,००० न्यूटन येतं. अंगावर नऊ टनांचं ओझं ठेवल्यासारखं हे झालं. तेच थांबणं सेकंदाच्या दहाव्या भागात झालं तर बल ९,००० न्यूटन, म्हणजे एक दशांश. तेही खूप आहे, पण छाती आणि कंबरेवर पसरलं तर माणूस वाचू शकतो.

पट्टा, एअरबॅग आणि गाडीचा चुरगळणारा पुढचा भाग, या तिघांचं काम एकच: वेळ विकत घेणं. पहिल्या प्रसंगात शरीर थांबतं ते जेमतेम साडेसात सेंटिमीटरमध्ये. दुसऱ्यात त्याला पाऊण मीटर मिळतं, आणि हे पाऊण मीटर मुख्यतः पुढचा पत्रा आत दबल्यामुळे मिळतं. अपघातानंतर गाडीचं तोंड चेपलेलं दिसलं की लोक म्हणतात, पूर्वीच्या गाड्या कशा भक्कम होत्या. पत्रा न वाकणारा असता तर तो धक्का आतल्या माणसांना सोसावा लागला असता. आज सर्वत्र दिसणारा तीन बिंदूंचा पट्टा निल्स बोलिन या अभियंत्याने व्होल्वोसाठी तयार केला आणि १९५९ पासून तो गाड्यांमध्ये बसू लागला. उंचावरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो तेही याच हिशेबाने. शरीराला हे सूत्र कोणी शिकवलेलं नसतं.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाबद्दल जितके गैरसमज आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल असतील. क्रियेला तितकीच आणि विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते, असं आपण पाठ केलेलं असतं. त्यातून असं वाटतं की आधी क्रिया होते आणि मग तिला उत्तर म्हणून प्रतिक्रिया येते. तसं काही नाही. दोन्ही एकाच क्षणी असतात, आणि कोणाला क्रिया म्हणायचं हे आपल्या सोयीवर आहे. खरी गोष्ट अशी की बल एकट्या वस्तूचं नसतंच. ते दोन वस्तूंमध्ये असतं. मी भिंत ढकलतो तेव्हा भिंतही मला ढकलत असते, तेवढ्याच जोराने.

मग जुना प्रश्न: घोडा गाडीला जितक्या जोराने पुढे ओढतो, तितक्याच जोराने गाडी घोड्याला मागे ओढते. दोन्ही बलं समान, विरुद्ध. तर गाडी हलते कशी? उत्तराची किल्ली अशी की ती दोन बलं वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत. एक गाडीवर, दुसरं घोड्यावर. ती एकमेकांना खोडून काढू शकत नाहीत, कारण खोडायला ती एकाच वस्तूवर असावी लागतात. गाडीचं काय होतं हे पाहायचं असेल तर फक्त गाडीवरची बलं मोजा: घोड्याची पुढची ओढ आणि चाकांकडचा मागचा विरोध. ओढ जास्त असेल तर गाडी वेग घेते. आणि घोडा? तो खुरांनी जमीन मागे ढकलतो, जमीन त्याला पुढे ढकलते, आणि हा जमिनीचा जोर गाडीच्या मागच्या ओढीपेक्षा जास्त असला की घोडाही वेग घेतो. गुळगुळीत बर्फावर कितीही ताकदवान घोडा उभा केला तरी गाडी जागची हलणार नाही.

चालताना आपणही हेच करतो. पुढे जाण्यासाठी जमिनीला मागे ढकलतो. घर्षण गतीचा शत्रू म्हणून ओळखलं जातं, पण चालणाऱ्याला पुढे नेणारं बल घर्षणाचंच असतं.

याच नियमाबाबत जो परखड कानमंत्र द्यावासा वाटतो तो असा: टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचं वजन खाली आणि टेबलाचा आधार वर, या दोन बलांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हणू नका. दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत, म्हणून ती जोडी असू शकत नाही. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली ढकलतं ती. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ती. होय, पुस्तक पृथ्वीला ओढतं, तेवढ्याच बलाने. पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ६ वर चोवीस शून्यं इतके किलो असल्यामुळे तिच्यावर काही परिणाम दिसत नाही, इतकंच.

तिसऱ्या नियमाबद्दलचा गैरसमज एका मोठ्या वृत्तपत्रालाही भोवला. अमेरिकन रॉकेट-संशोधक रॉबर्ट गॉडर्ड यांनी रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असं मांडल्यावर जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात लिहिलं की निर्वातात रॉकेट चालणं शक्य नाही, कारण तिथे रेटा द्यायला समोर काहीच नाही. पण रॉकेट हवेला ढकलतच नाही. ते आपल्याच पोटातला वायू मागे ढकलतं आणि तो वायू रॉकेटला पुढे ढकलतो. निर्वातात तर हे आणखी चांगलं चालतं, कारण बाहेर पडणाऱ्या वायूच्या वाटेत हवेचा दाब नसतो. १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, त्या वृत्तपत्राने आपली दुरुस्ती छापली.

दुसरा आणि तिसरा नियम एकत्र वाचले की संवेगाची खरी ताकद दिसते. दोन वस्तू एकमेकींवर बल लावतात तेव्हा ती बलं समान आणि विरुद्ध असतात, आणि लागतातही तितकाच वेळ. म्हणजे एकीच्या संवेगात जेवढी भर पडते, तेवढीच दुसरीच्या संवेगात घट होते. बेरीज हलत नाही. बाहेरून कोणी ढकललं नाही तर वस्तूंच्या समूहाचा एकूण संवेग कायम राहतो, आत कितीही धडाधड टकरी होवोत, स्फोट होवोत, तुकडे उडोत. आत काय घडलं याचा तपशील माहीत नसला तरी हे खरं राहतं, आणि या तत्त्वाचं मोल त्यातच आहे. १९१८ साली एमी नोएथर या गणितज्ञ स्त्रीने याच्याही मागचं कारण दाखवलं: भौतिकशास्त्राचे नियम इथे जे आहेत तेच दुसऱ्या जागीही आहेत, जागा बदलल्याने नियम बदलत नाहीत, आणि या एका गोष्टीतूनच संवेग अक्षय्य राहणं निघतं. म्हणूनच न्यूटनचे नियम जिथे अपुरे पडतात तिथेही संवेगाचा नियम टिकतो. प्रकाशाला वस्तुमान नसतं, तरी संवेग असतो. जपानच्या इकारोस या यानाने २०१० मध्ये पातळ पडद्याचं शीड उभारून सूर्यप्रकाशाच्या या रेट्यावर अवकाशात प्रवास करून दाखवला.

संवेग आणि गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे वस्तूकडे असलेली ऊर्जा, यांची मात्र गल्लत होऊ देऊ नये. वेग दुप्पट झाला की संवेग दुप्पट होतो, पण ऊर्जा चौपट. १० ग्रॅमची गोळी बंदुकीतून सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली तर तिचा संवेग ८. बंदूक ४ किलोची असेल तर तिला तेवढाच संवेग उलट दिशेने मिळतो, म्हणजे ती सेकंदाला २ मीटर वेगाने मागे येते. संवेग सारखेच. पण गोळीची ऊर्जा ३२०० ज्यूल आणि बंदुकीची फक्त ८ ज्यूल. म्हणून खांद्याला दणका बसतो, आणि गोळी मात्र आरपार जाते. ब्रेक मारतानाही हा फरक समोर येतो. ताशी ५० किलोमीटरवरून थांबायला गाडीला ब्रेक लागल्यापासून १४ मीटर लागत असतील, तर तेच ब्रेक ताशी १०० वर सुमारे ५६ मीटर घेतात. वेळ दुप्पट लागतो, अंतर चौपट. वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

संवेगाच्या नियमाचा सर्वांत थेट, सर्वांत मोठा प्रयोग अलीकडेच झाला. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट हे यान पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटर अंतरावर डायमॉर्फॉस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं. यान जेमतेम ५८० किलोचं, वेग सेकंदाला सुमारे ६.१ किलोमीटर. डायमॉर्फॉस सुमारे दीडशे मीटर रुंद. तो डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी मारायचा. कधी एखादा लघुग्रह पृथ्वीवर चालून आला तर त्याला असा धक्का देऊन वाट बदलायला लावता येईल का, हे पाहायचं होतं. टकरीनंतर फेरीचा वेळ सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाला. डायमॉर्फॉसचा वेग बदलला तो सेकंदाला सुमारे २.७ मिलिमीटर इतकाच. पण दुरून येणाऱ्या लघुग्रहाला असा धक्का अनेक वर्षं आधी दिला, तर एवढ्याशा बदलाने तो हजारो किलोमीटर बाजूने जाऊ शकतो.

यानाचा संवेग सारा लघुग्रहात मिसळला असं धरलं, तर वेगातला बदल सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी यायला हवा होता. मग उरलेला कुठून आला? टकरीने खडक आणि धुळीचा मोठा लोट यान ज्या बाजूने आलं त्या बाजूला उडाला. त्या मलब्याने संवेग मागे नेला, म्हणून लघुग्रहाला तेवढाच संवेग पुढे मिळाला. रॉकेटच्या मागून वायू सुटावा आणि रॉकेट पुढे जावं, तेच इथे घडलं. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने लघुग्रहाला यानाच्या संवेगाच्या सुमारे साडेतीन पट संवेग मिळाला. मलबा उडाला नसता आणि लघुग्रहाने यान नुसतं पोटात घेतलं असतं, तर ही पट एक असती.

पण हा आकडा अजून पक्का नाही. फेरीचा वेळ दुर्बिणीतून मोजता येतो, त्यातून वेगातला बदलही निघतो. संवेग काढायचा तर त्याला वस्तुमानाने गुणावं लागतं, आणि डायमॉर्फॉसचं वस्तुमान थेट कोणी मोजलेलं नव्हतं. त्याची घनता किती धरावी यावर ती पट २.२ ते ४.९ यांच्या दरम्यान कुठेही येऊ शकते. हे मोजण्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेचं हेरा हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं. ते २०२६ च्या अखेरीस तिथे पोहोचेल असं नियोजन आहे.